मे महिन्यातलं घर

कोकणातलं जुनं घर बघायला गिऱ्हाईक येतं ते बहुधा मे महिन्यात. सुट्टी असते, आंबा असतो, आणि घर कसं खडखडीत कोरडं असतं. जांभ्याच्या भिंतींवर नुकताच रंगाचा हात फिरलेला. या घराचा आषाढ त्याने पाहिलेला नसतो. तो एकट्या मालकाने पाहिलेला असतो.

कायदा नेमकं इथेच बोट ठेवतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 सालचा, म्हणजे विकायला निघालेल्या कित्येक घरांपेक्षा जुना. त्याचं 55वं कलम सांगतं, की वेगळा करार नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि त्याने बेताची काळजी घेऊन पाहिलं तरी सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने स्वतःहून सांगायला हवा. फुटकी कौलं, कललेली पडवी ज्याची त्याने बघावी. पण वाळवीने आतून पोखरलेलं आणि वरून तेलपाणी करून चकचकीत केलेलं आढं? ते दडवणं म्हणजे कायद्याच्या भाषेत कपट.

हेच कलम मालकीतल्या दोषालाही लागू आहे, आणि जुन्या घराला वाळवी लागते ती पुष्कळदा कागदांनाच. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर, एक चुलते परागंदा, आत्यांना कुणी विचारलेलंच नाही. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीपासून मुलीही जन्माने हिस्सेदार आहेत, हे साठेखताच्या दिवशी आठवून कसं चालेल?

माझ्या मामांनी गावचं घर विकलं तेव्हा मामी बजावत होत्या, "गप्प राहा, गिऱ्हाईक पळेल." मामांनी शिडी लावली, गिऱ्हाइकाला वर चढवलं आणि त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. आढ्यात तो मुठीपर्यंत गेला. गिऱ्हाईक पळालं नाही. लाकूड आणि सुतार यांचे पैसे कापून घेतले, एवढंच. मामी दोन दिवस घुश्श्यात होत्या. खरेदीखत झालं त्या संध्याकाळी मात्र नव्या मालकिणीला हाताला धरून माजघरात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "हे बघ, पाऊस लागला की इथे एक घमेलं, देवघराच्या कोपऱ्यात दुसरं. आणि पूर्वेचा वारा असला तर फडताळातल्या गोधड्या आधी काढ."