मनाचीही निगा राखा

पाऊस लांबला, भाव पडला, की झोप उडते. अशा वेळी रोजचा क्रम मोडू नका. ठरल्या वेळी झोपा, उठा. दोन घास का होईना, घरच्यांबरोबर बसून खा. सांजेला पारावर चक्कर टाका. कर्जाची गोष्ट घरात बोला. लपवलेली काळजी तणासारखी वाढते. दारूनं डोळा लागतो, पण झोप पुरी होत नाही. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली घरात दुसऱ्याकडे द्या. पंधरवडाभर कशातच मन लागेना, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येतं. जीव नकोसा वाटला, तर वाट पाहू नका; त्याच घडीला सांगा. त्यात कमीपणा नाही.