बॅटरी बदलण्याआधी वायर बघा

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



हस्ताचा पाऊस पडला, वाफसा आला, शाळू पेरायचा आहे आणि ट्रॅक्टर नुसता कण्हतोय. माण-खटावला जा, जत-आटपाडीला जा, जुना ट्रॅक्टर उतारावर लावलेला दिसतो. चार माणसे ढकलतात. कधी पाय सटकतो. मग उसनवारी करून नवी बॅटरी आणायची. आठ दिवसांनी पुन्हा तेच. दोष बॅटरीत नव्हताच, वायरीत होता.

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप 6 व्होल्टची होती. जुन्या राजदूत, बुलेटही 6 व्होल्टच्या, पण त्या किकवर चालतात. देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून बनवलेली आणि 2021 साली देशभर गाजलेली चारचाकीही किकवरच चालू होई. किकला जाड वायर लागत नाही. स्टार्टरला लागते.

हिशेब साधा आहे. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. 12 व्होल्टला त्यासाठी 62 अँपियर लागतात, 6 व्होल्टला 124. पाण्याचा दाब निम्मा असेल तर पाइप मोठा लागतो, तसेच हे. तांब्याची 16 चौरस मिलिमीटरची वायर, दोन्ही बाजू मिळून 2 मीटर धरा. 200 अँपियर ओढले की 0.43 व्होल्ट वायरीतच जिरतात. सहातले 0.43 म्हणजे शेकडा सात! 50 चौरस मिलिमीटरची घेतली तर फक्त 0.14 जातात. म्हणून 6 व्होल्टला 50 ची वायर घ्या, आणि शक्य तितकी आखूड ठेवा.

दुकानात वरचे रबर बघून फसू नका, जाडी आतल्या तारांची मोजा. एक तार चाकूने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम. त्याचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो.

अर्थची वायरही तेवढीच जाड हवी. चासीवरचा रंग, गंज घासून उघड्या लोखंडावर आवळा. इंजिन रबरावर बसलेले असेल, तर इंजिन ते चासी पट्टीही तपासा. टर्मिनलवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडे करून व्हॅसलिन लावा. सोडताना अर्थ आधी काढा, जोडताना शेवटी लावा. काही जुन्या गाड्यांत अर्थ प्लसची असते, ते आधी बघून घ्या.

मीटर नसेल तर हात हेच मीटर. स्टार्टर मारून झाला की वायर आणि जोड चाचपा. जिथे गरम लागेल, तिथे तुमची बॅटरी लुटली जाते आहे.

मालाला भाव मिळवण्यासाठी आपण लढतोच आहोत. पण घरात आलेला पैसा विनाकारण जाऊ न देणे, हेही त्याच लढाईतले काम आहे. गावी गेल्यावर आधी वायर चाचपा, बॅटरीच्या दुकानात नंतर जा.