'ॲब्स्टिनन्स' ह्या शब्दाविषयीं



धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली. आम्हीं एकाच शब्दावर बोलण्याचें योजिलें आहे, आणि तोही परका. राखेच्या बुधवारच्या इंग्रजी सूचनेंत 'फास्ट' व 'ॲब्स्टिनन्स' हे दोन शब्द जोडीनें येतात. आपण दोहोंस 'उपवास' म्हणून मोकळे होतों.

'फास्ट' म्हणजे अन्नाचें प्रमाण कमी करणें: एक वेळ पोटभर, सकाळसंध्याकाळ थोडकें. 'ॲब्स्टिनन्स' म्हणजे एखादा पदार्थ अजिबात वर्ज्य करणें. लॅटिनमध्यें 'ॲब्स' म्हणजे दूर व 'तेनेरे' म्हणजे धरणें. हात आंखडून घेणें, असा त्याचा भाव. पहिला नियम १८ वर्षें पुरीं झालेल्यांस, साठावें वर्ष लागेपर्यंत. दुसरा १४ वर्षें पुरीं झाल्यापासून पुढें आमरण. म्हणजे सत्तरीच्या आजीस त्या दिवशीं दोनदां जेवण्यास हरकत नाहीं, मांसास आहे. हा भेद ठाऊक नसल्यामुळें एका वृद्ध माउलीनें उपाशीपोटीं औषध घेतलें व तिला देवळाच्या पायरीवर घेरी आली, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

करंजाड्यांत आणखी एक अडचण आहे. धर्मनियमांतल्या 'मांस' ह्या शब्दांत मासळी मोडत नाहीं. आपल्या आगरी-कोळी शेजाऱ्यांस मात्र मटण काय, मासळी काय, सारें 'वशाट'च. श्रावण पाळणारे दोन्ही सोडतात. शुक्रवारीं आपल्या चुलीवरील पापलेटाचा वास गेला कीं शेजारीण हंसून विचारते, "ताई, आज तुमचा उपास ना?" नियमानें आपण चुकलेलों नसतों, तरी उत्तर देतांना जीभ अडखळते. खरें बोलावयाचें तर खाडीकांठच्या माणसास बोकड सोडणें सोपें, बोंबील सोडणें जड!

ही अडचण रोमलाही अपरिचित नसावी. पोप पॉल सहावे ह्यांनीं १९६६ सालीं हे नियम नव्यानें घालून दिले, आणि १९८३ च्या धर्मसंहितेनें मांसाऐवजीं दुसरा पदार्थ, किंवा त्याच्या जागीं दानधर्म व प्रार्थना, ठरविण्याचा अधिकार देशोदेशींच्या बिशपपरिषदांस दिला. 'संयम' हा शब्द आम्हांस येथें पुरेसा वाटत नाहीं; संयमी मनुष्य थोडें खातो, वर्जन करणारा ताटच दूर सारतो.

तरी येत्या उपवासकाळापासून फलकावर 'उपवास' व 'मांसवर्जन' हे दोन शब्द निरनिराळे लिहावे, खालीं वयें द्यावीं, आणि आजाऱ्यांस सूट असल्याचें ठळक अक्षरांत घालावें, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतों.