पुढल्या दाराचा हिशेब, मागल्या दाराचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला दोन शब्द बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि विषय विद्यापीठातला! परंतु गेले वर्षभर आपल्यापैकी पुष्कळजणी मला विचारीत आहेत, "तुमची मुलगी अमेरिकेत शिकते तरी काय?" मी सांगे, "फायनान्स आणि रिअल इस्टेट." त्यावर एक बाई म्हणाल्या, "म्हणजे घरांची दलालीच ना? तिला कॉलेज कशाला हवे?" खरे सांगते, पहिल्याने मलाही तसेच वाटले होते. म्हणून मुलीने मला फोनवर जे समजावले, ते माझ्या बुद्धीप्रमाणे आज सांगते.

ती शिकते विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलात. गावाचे नाव मॅडिसन. दोन तळ्यांच्या मध्ये वसलेले आहे. थंडीत तळी गोठतात आणि माणसे त्यांवरून चालतात. तेथे रिचर्ड इली नावाच्या प्राध्यापकांनी १९२० साली जमिनीच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी संस्था काढली. म्हणजे जमीन कशी वापरावी, तिची किंमत कशाने चढते, हा शास्त्राचा विषय आहे हे तेथे शंभर वर्षांपूर्वीच मानले गेले. पुढे जेम्स ग्रास्कॅम्प नावाचे गुरुजी तेथे झाले. ऐन तरुणपणी पोलिओने त्यांचे हातपाय गेले. परंतु चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी १९८८ साली मृत्यू येईतो पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी घडविले. आज तेथील केंद्राला त्यांचेच नाव आहे.

आता फायनान्स म्हणजे काय ते पाहू. आपली भिशी आठवा. बाराजणी दरमहा हजार रुपये घालतात. प्रत्येकीला बारा हजारच मिळतात, तरी पहिला नंबर सगळ्यांना हवा असतो. का बरे? कारण आज हातात आलेला रुपया वर्षाने येणाऱ्या रुपयापेक्षा मोठा. मुलगी म्हणाली, "आई, आमचा पहिला धडा हाच. तू तो कधीच शिकलीस." त्या एका धड्यावर कर्ज, व्याज, हप्ता, घराची किंमत हे सारे उभे आहे.

ग्रास्कॅम्प गुरुजींचे सांगणे असे, की कोणत्याही इमारतीत तीन पक्ष असतात: राहणारा, बांधणारा आणि रस्ते-पाणी पुरविणारी नगरपालिका. तिघांचाही जमाखर्च जुळला पाहिजे. एकाचा बिघडला तर इमारत उभी राहील, पण सुख लागणार नाही. हे ऐकल्यावर मला आपल्या मागच्या गल्लीतली नवी इमारत आठवली. बांधणाऱ्याचा हिशेब जुळला. पाण्याचा कोणी केलाच नाही. आज तेथल्या बायका टँकरची वाट पाहत जिन्यात बसतात.

त्यांची दुसरी शिकवण दोन दारांची. समजा, एक दुकानाचा गाळा बांधावयाचा आहे. पुढल्या दाराने शिरावे ते खर्च घेऊन. जागा व बांधकाम मिळून ४० लाख रुपये. त्यावर शेकडा १० प्रमाणे सालीना ४ लाख सुटावेत, शिवाय कर व दुरुस्ती ८० हजार. म्हणजे भाडे महिना ४० हजार यावयास हवे. आता मागल्या दाराने शिरावे. बाजारात भाडे मिळते महिना २५ हजार. एक महिना गाळा रिकामा धरला तर वर्षाचे २ लाख ७५ हजार. कर-दुरुस्ती वजा जाता १ लाख ९५ हजार उरतात. शेकडा १० ने पाहता एवढे उत्पन्न साडेएकोणीस लाखांच्या गाळ्याला शोभते. मग ४० लाख घालणारा शहाणा कसा? पुढल्या दाराने आपल्याला किती हवे ते कळते, मागल्या दाराने जग किती देणार ते कळते. दोन्ही दारे एका खोलीत उघडली तरच पैसा घालावा.

अमेरिकेतच हा धडा विसरला गेला होता. ज्यांना हप्ते झेपणार नाहीत अशांनाही घरांसाठी कर्जे वाटली गेली. घरांच्या किमती चढतच राहणार, या भरवशावर सारे चालले होते. किमती उतरल्या, हप्ते थकले, आणि २००८ च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही मोठी पेढी बुडाली. पुष्कळ कुटुंबे घराबाहेर पडली.

आता घरचे सांगते. मुलीला प्रवेश मिळाला तेव्हा ३० लाखांचे कर्ज काढावे लागणार होते. तारण म्हणून आमचे राहते घर. ते दोघांच्या नावे आहे, म्हणून माझीही सही हवी होती. हे म्हणाले, "मुलीचे कल्याण आहे, सही कर." मी म्हटले, "करते. पण आधी दोन्ही दारांनी हिशेब दाखवा." मुलगी रागावली नाही. कागद घेऊन बसली. ३० लाख, ९ टक्के व्याज, १५ वर्षे मुदत. हप्ता ३०,४२८ रुपये. हे झाले पुढले दार. मी विचारले, "तिकडे नोकरी लागली नाही, परत यावे लागले, तर?" येथे महिना ५० हजार मिळाले आणि ३० हजार खर्च झाला तर २० हजार उरतात. तेवढ्या हप्त्यात कर्ज झेपते १९ लाख ७० हजारांचे. म्हणजे १० लाखांहून अधिक तूट!

त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही. मुलगी एवढेच म्हणाली, "आई, जे शिकावयास जाणार तेच तू मला आधी शिकवलेस." तिचा चेहरा उतरला होता. माझ्या मनाला फार लागले. मुलीच्या वाटेत आईच आडवी आली, असे शेजारीपाजारी म्हणालेही.

तिने दोन वर्षे येथे नोकरी केली, साडेसहा लाख साठविले आणि पुन्हा अर्ज केला. आमच्या ठेवीतले ४ लाख घातले. कर्ज साडेएकोणीस लाखांवर आले. हप्ता १९,७७८ रुपये. मग मी सही केली. शिक्षण चालू असतानाचे व्याज आम्ही येथून दरमहा भरतो, म्हणजे ते मुद्दलावर चढत नाही. पुढे काय होईल ते देव जाणे. परंतु वाईटात वाईट झाले तरी घर जाणार नाही, एवढे पाहून मी सही केली आहे.

हा धीर मला एका जुन्या ठेचेने आला. २०१२ साली आम्ही घर घेतले तेव्हा एका बांधकाम व्यावसायिकाला साध्या पावतीवर किमतीचा पाचवा हिस्सा देऊन बसलो होतो. ताबा तीन वर्षे उशिरा मिळाला. तोवर भाडेही भरले आणि हप्तेही. मी एकही कागद वाचला नव्हता. बायकांनी कागदात तोंड घालू नये असे मीच समजत होते.

आता कायदा आपल्या बाजूस आला आहे. २०१६ सालचा रेरा कायदा सांगतो की नोंदणीकृत करारनाम्याखेरीज किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्याच कामासाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. घर विकावयाचे ते कार्पेट क्षेत्रफळावर, म्हणजे चटई पसरेल तेवढ्या जागेवर. ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बांधणाऱ्याने विनामूल्य दुरुस्त करावयाचा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक पाहता येतो. घरातल्या शाळकरी मुलालाही तो काढून देता येईल.

भगिनींनो, आपण सगळ्याच विद्यापीठात जाऊ शकणार नाही. परंतु तीन गोष्टी आजपासून करता येतील. घराच्या कागदांवर आपले नाव आहे का ते पाहावे. सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा; न समजल्यास विचारावे, त्यात लाज नाही. आणि कर्ज घेताना दोन्ही दारांनी हिशेब करावा. डब्यात डाळ किती आणि पाने किती मांडावयाची, हा हिशेब आपण रोजच करतो. तोच येथे करावयाचा आहे.