ऑटोमॅटिकची मॅन्युअल करताना

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



संयोजकांनी मला ‘अमेरिकेतले अनुभव’ हा विषय दिला होता. त्यावर बोलू शकतील असे आपल्या तुकडीत बरेच जण आहेत, म्हणून मी दुसरा विषय मागून घेतला. गेल्या वर्षी मी आणि माझ्या मुलीनं मिळून एका जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढला आणि तिथे मॅन्युअल बसवला. त्याचे फोटो ग्रुपवर टाकल्यापासून ‘माझ्या गाडीला क्लच बसवून मिळेल का?’ अशी विचारणा सुरू आहे. सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

गाडी होती व्होल्वो २४०. स्वीडनची ही चौकोनी, पेटीसारखी गाडी १९७४ ते १९९३ अशी जवळजवळ वीस वर्षं तयार होत होती. आमची १९९० ची. तिचा गिअरबॉक्स मुळात दणकट, पण वय तीसच्या पुढे आणि आधीच्या मालकानं आतलं तेल बदललेलं दिसत नव्हतं. तेल काळं पडलेलं, जळका वास, रिव्हर्स लागेना. मुलीनं सुट्टीतल्या नोकरीच्या पैशातून ती स्वस्तात घेतली होती. गिअरबॉक्स दुरुस्त करायचा तर गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त. म्हणजे एक तर गाडी भंगारात, नाही तर मॅन्युअल. मुलगी मॅन्युअलवर ठाम होती. मला मात्र होकार द्यायला दोन आठवडे लागले, कारण गाडी चालवणार ती, आणि आम्ही राहतो तो पेनसिल्व्हेनियाचा भाग चढउतारांचा. तिथे उतारावर गाडी सुटली तर ती कोणाच्या अंगावर जाईल याचा भरवसा नाही.

टेक्निकलच्या मुलांना आठवत असेल, आपले वर्कशॉपचे सर वहीत कामाचा क्रम लिहिल्याशिवाय हॅकसॉला हात लावू देत नसत. मीही मुलीला आधी वही आणायला लावली. पानाचे दोन भाग केले. डावीकडे लिहिलं, ‘ऑटोमॅटिक गुपचूप कोणकोणती कामं करत होता?’ उजवीकडे, ‘आता ती कोण करणार?’ आज मला सांगायचंय ते एवढंच. गिअरबॉक्स काढणं हे ताकदीचं काम आहे. पण त्याच्याबरोबर निघून जाणाऱ्या प्रत्येक कामाला नवा धनी नेमणं, हे खरं काम.

पहिलं काम, गाडी थांबली तरी इंजिन चालू ठेवणं. ऑटोमॅटिकमध्ये हे टॉर्क कन्व्हर्टर करतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं, म्हणून चाकं थांबली तरी इंजिन फिरत राहतं. आता ते काम क्लचचं, आणि क्लच दाबणाऱ्या डाव्या पायाचं. त्यासाठी फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, केबल आणि तिसरं पेडल एवढं सगळं लागतं. क्रँकशाफ्टच्या टोकाला पायलट बेअरिंग नावाचं एक छोटं बेअरिंगही बसवावं लागतं. ऑटोमॅटिक गाडीत ते नसतं, त्यामुळे हमखास विसरलं जातं, आणि मग सगळं पुन्हा खाली उतरवावं लागतं. शिवाय आमच्या गाडीत इंजिनाचा सेन्सर फ्लायव्हीलच्या कडेवरच्या खुणा मोजून ठिणगी कधी पाडायची ते ठरवतो. म्हणून फ्लायव्हील त्याच इंजिन-यंत्रणेचं हवं. दुसरं कुठलं लावलं तर गाडी सुरूच होणार नाही.

दुसरं काम, गाडी चुकीच्या वेळी सुरू होऊ न देणं. ऑटोमॅटिक फक्त ‘पी’ किंवा ‘एन’वर स्टार्ट होते, कारण स्टार्टरची वायर लिव्हरजवळच्या स्विचमधून जाते. बरेच जण त्या दोन वायरी सरळ जोडून टाकतात. मग गाडी गिअरमध्ये असताना कोणी किल्ली फिरवली की ती उडी मारते. आम्ही ती वायर क्लच पेडलवरच्या स्विचमधून नेली. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही.

तिसरं, रिव्हर्सचे दिवे. तेही त्याच स्विचवर होते. मॅन्युअल गिअरबॉक्सला त्याचा वेगळा स्विच असतो, तिथपर्यंत वायर वाढवली.

चौथं, शक्ती मागच्या चाकांपर्यंत पोचवणं. गिअरबॉक्स बदलला की त्याला खालून धरणारा आडवा सपोर्ट बदलतो. प्रॉपेलर शाफ्टची लांबी जुळेलच असं नाही. म्हणून सुटे भाग गोळा करण्याऐवजी आम्ही मागून ठोकर बसलेली एक अख्खी मॅन्युअल २४० विकत घेतली. त्यातून पेडलांपासून बोल्टांपर्यंत सगळं मिळालं. उरलेली गाडी विकून निम्मे पैसे परत आले.

पाचवं काम मात्र सगळ्यात महत्त्वाचं. ‘पी’वर लिव्हर टाकला की गिअरबॉक्सच्या आत एक खिट्टी दात्यात अडकते आणि गाडी जागची हलत नाही. ऑटोमॅटिक निघाला की ही खिट्टीही गेली. मग उतारावर गाडी धरून ठेवायला उरतो फक्त हँडब्रेक, आणि ऑटोमॅटिक गाड्यांचा हँडब्रेक बहुतेक वेळा वर्षानुवर्षं कोणी वापरलेलाच नसतो. २४० मध्ये मागच्या डिस्कच्या आत छोटे ब्रेक शू असतात. आमचे गंजून गेले होते. ते नवे घातले, केबल ताणून घेतली, आणि घरासमोरच्या उतारावर तासभर गाडी नुसती उभी करून ठेवली. ती बोटभरही सरकली नाही, तेव्हाच मी मुलीच्या हातात किल्ली दिली. आता ती हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्येही ठेवते.

काम सहा शनिवार-रविवार चाललं. एक नियम मात्र आम्ही पाळला, आणि तुम्हीही पाळा : नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. आधी स्टँड लावायचे, गाडी हलवून पाहायची, मगच आडवं व्हायचं.

आता तुमच्या गाड्यांबद्दल. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओबरोबर एएमटी आली, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे तीच आहे. गंमत म्हणजे एएमटीच्या पोटात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधा क्लचच असतो. तुमच्या पायाचं आणि हाताचं काम तिथे यंत्र करतं, एवढाच फरक. म्हणून ‘मग काढून टाकू ते यंत्र’ असं वाटणं साहजिक आहे. पण नव्या गाड्यांत गिअरबॉक्सचा आणि इंजिनाचा कॉम्प्युटर सतत एकमेकांशी बोलत असतात. एक गप्प झाला की दुसरा रुसतो. आमच्या जुन्या व्होल्वोत ही भानगड जवळजवळ नव्हती, म्हणून ते जमलं. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. म्हणून पाना उचलण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. माझा सल्ला विचाराल तर एएमटी बिघडली तर तीच दुरुस्त करा. क्लचची हौस असेल तर सरळ मॅन्युअल गाडी घ्या.

शेवटी एक विनंती. शाळेच्या वर्कशॉपसाठी मी एक जुना मॅन्युअल गिअरबॉक्स घेऊन, अर्ध्यात कापून, आतले दाते फिरताना दिसतील असा स्टँडवर बसवून देणार आहे. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. कापायला आणि रंग द्यायला मला आपल्या तुकडीतले तीन-चार हात हवेत. आज जेवणाच्या वेळी नावं द्या. वही मी आणली आहे.