पिशवीचा आहेर

कचेरीतला निरोप समारंभ आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. शाल, श्रीफळ, भिंतीवरचे घड्याळ, चार भाषणे आणि सामोसा. या सगळ्यात जाणारा माणूस फक्त घेतो, देत काही नाही. येत्या ३१ मे रोजी माझी पाळी आहे. शाळेत मास्तरांनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लावलेल्या पिढीतला मी. मे संपला की आमची रांगच्या रांग निवृत्त होते.

इतकी वर्षे सहकाऱ्यांनी माझ्या कविता सोसल्या. जाताना त्यांना काहीतरी द्यावे असे वाटले. पण बाजारातून आणले की किंमत आली आणि किंमत आली की तुलना आली. आपल्याकडे लग्नघरी आहेराची वही असते. कुणी किती घातले ते पाहून तितकेच फेडायचे. हाताने शिवलेल्या वस्तूला किमतीची चिठ्ठी नसते. ती फेडता येत नाही, म्हणून तिचे ओझेही होत नाही.

घरी अम्मीची पायमशीन आहे. शेजारपाजारच्या बायकांचे परकर, मुलांची झबली शिवून तिने आम्हा भावंडांना शिकवले. त्या मशीनवर मी मात्र कधी बसलो नव्हतो. नवशिक्याने सरळ टिपेचीच वस्तू निवडावी, म्हणून मी कापडी पिशवी निवडली. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून ती प्रत्येकाला लागतेच.

हिशेब सोपा आहे. ३६ इंच पन्ह्याचा जाड मांजरपाट घ्यावा. कोरे कापड आटते, म्हणून आधी रात्रभर भिजवून, वाळवून इस्त्री करावी. १६ इंच रुंद आणि ३६ इंच लांब तुकडा मधोमध दुमडला की तळाला शिवण लागत नाही. दोन्ही बाजूंना टीप, वरच्या काठाला दुमड आणि दोन बंद, झाली पिशवी. एका मीटरमध्ये दोन होतात. बंद जोडताना चौकोनी टीप मारून आत फुली मारावी. सगळा भार तिथेच येतो.

आम्ही कचेरीत १४ जण. माझ्याखेरीज १३ पिशव्या. कापायला बसलो तेव्हा एक एक माणूस डोळ्यांसमोर आणावा लागला. एक बाई एसटीने उभ्याने येतात. त्यांचे हात मोकळे राहायला हवेत, म्हणून खांद्याला अडकेल असा लांब बंद. आमचे शिपाई सायकलवर येतात. हँडलला अडकवलेली पिशवी चाकात जायला नको, म्हणून त्यांचा बंद आखूड. वर्गणीच्या कागदावर सही करताना असा विचार कधी करावा लागला नव्हता. कापड मात्र साहेबांना आणि शिपायांना एकाच ताग्यातले. बंदांची लांबी ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे.

शिवता शिवता मशीनने एक गोष्ट दाखवली. टिपेला दोन दोरे लागतात. वरचा रिळातून दिसत येतो, खालचा बॉबिनमध्ये लपलेला असतो. दोघे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. वरचा फार ताणला तर कापडाला चुण्या पडतात आणि खालचा संपला तर सुई नुसती भोके पाडत जाते. कचेरीही अशीच चालते, श्रोतेहो. फाइलवर सही दिसते ती एकाची. ती फाइल शोधून, झटकून टेबलावर आणणारा दिसत नाही.

तुमच्याही कचेरीत कुणाची बदली होत असेल, कुणाला नातू झाला असेल. रुमालाची घडी, डब्याची पिशवी, चष्म्याची खोळ, काहीही शिवा. मशीन नसेल तर सुईने उलटी टीप घाला, तीही पक्की असते.

पिशव्या देताना मी भाषण करणार नाही. एवढेच सांगणार आहे की, बंद उसवला तर टाकू नका, माझ्याकडे घेऊन या. निवृत्त माणसाच्या दारी यायला लोकांना काहीतरी कारण लागते.