चुकीच्या निदानाचा भुर्दंड कोणी सोसावा?

(कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मोटारदुरुस्तीचे बिल हा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका विषय ऐकताच काहींच्या मनात आली असेल. मोटार ही सुखवस्तूंची चैन आणि तिचा खर्च ही सुखवस्तूंची डोकेदुखी, हा समज एके काळी बरोबर होता. आज कोणत्याही तालुक्याच्या एस. टी. स्थानकाबाहेर ओळीने लागलेल्या गाड्या पाहाव्यात. त्यांतल्या अनेक गाड्यांचा चालक हाच मालक असतो, आणि गाडी कर्जाची असते. अशी गाडी चार दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली तर चार दिवसांची कमाई जाते. हप्ता मात्र थांबत नाही. तेव्हा हा प्रश्न चैनीचा नाही, पोटाचा आहे.

समजा, अशा एका चालकाच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी पिकअप घेईना. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये स्कॅनर जोडला गेला. इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे, असा संकेतांक आला. ऑक्सिजन सेन्सर बदलण्यात आला. आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागला, तेव्हा इंजेक्टर साफ करण्यात आले. तिसऱ्या खेपेस पेट्रोलचा पंप बदलला गेला. तीन खेपा, तीन बिले. अखेर नाक्यावरच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून कान लावला आणि हवेच्या नळीला गेलेली बारीक चीर दाखवली. नळी काही शेकड्यांची. तीन बिलांची बेरीज काही हजारांची. उदाहरण कल्पित आहे. परंतु गॅरेजच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही.

येथे नेमके काय घडले? स्कॅनर खोटे बोलला नाही. पी ०१७१ हा तो संकेतांक ‘मिश्रणात इंधन कमी आहे’ एवढेच सांगतो. त्याचे कारण नळीची चीर असेल, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलेली धूळ असेल, मंदावलेला पंप असेल किंवा तुंबलेला फिल्टर असेल. थर्मामीटर ताप दाखवतो. तो हिवताप आहे की विषमज्वर, हे सांगत नाही. संकेतांक हे निदान नव्हे. निदान तेथून सुरू व्हायचे असते. नळ्यांत धूर सोडून गळती शोधायची, पेट्रोलचा दाब मोजायचा, मग निष्कर्षाला यायचे. याला तास-दीड तास लागतो आणि अनुभवी माणूस लागतो. संकेतांकावरून अंदाज बांधून भाग बदलायला यांपैकी काहीच लागत नाही.

ही चूक पुन्हा पुन्हा का घडते, याचे उत्तर व्यक्तींच्या नीतिमत्तेत शोधणे सोपे आहे. पण ते अपुरे आहे. चूक कुशल कारागिराच्याही हातून होते, आणि प्रत्येक चुकीचे निदान ही फसवणूक नसते. प्रश्न असा आहे की, या व्यवहाराची रचना कोणत्या चुकीला उत्तेजन देते? तासभर खपून चिरलेली नळी शोधणाऱ्या वर्कशॉपला नळीची किंमत आणि थोडी मजुरी मिळते. पंप बदलणाऱ्याला पंपावरचा नफा मिळतो. दिवा पुन्हा लागला तर दुसरे बिल होते. म्हणजे चुकलेल्या निदानाचा तोटा निदान करणाऱ्याला होतच नाही. उलट लाभ होतो. ज्या व्यवहारात चूक करणाऱ्याचे नुकसान होत नाही, त्या व्यवहारात चुका कमी होण्याचे कारणच उरत नाही.

याचा पुरावा भांडवलशाहीच्या माहेरघरीच सापडतो. अमेरिकेत सिअर्स या नामांकित कंपनीची मोटारदुरुस्ती केंद्रे होती. कॅलिफोर्निया राज्याच्या मोटारदुरुस्ती खात्याने सामान्य ग्राहकाच्या वेषात आपली माणसे तेथे पाठवली, आणि जून १९९२ मध्ये कंपनीवर जाहीर आरोप ठेवला की, अनावश्यक दुरुस्त्या ग्राहकांच्या गळ्यात मारल्या जात आहेत. चौकशीत पुढे आले ते असे : ग्राहकाशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांना विक्रीवर कमिशन होते आणि ठराविक भाग ठराविक संख्येने खपवण्याचे लक्ष्य ठरवून दिलेले होते. त्याच महिन्यात कंपनीच्या अध्यक्षांना मान्य करावे लागले की, या प्रोत्साहन पद्धतीतून चुकांना पोषक वातावरण निर्माण झाले. कमिशनची ती पद्धत बंद झाली. तेथील कर्मचारी जन्मजात लबाड नव्हते. नोकरी टिकवायची तर लक्ष्य गाठा, अशा कात्रीत त्यांना धरलेले होते. कार्यकर्त्यांनी हा मुद्दा विसरता कामा नये. काउंटरवरच्या सर्व्हिस ॲडव्हायझरवर ओरडून काही साधत नाही; तोही पगारदार आहे.

दुसरा प्रश्न ज्ञानाच्या मालकीचा आहे. नाक्यावरच्या मिस्त्रीला चीर सापडली, कारण ती कानाला ऐकू आली. बिघाड संगणकाच्या पोटात असता तर त्याचे हात बांधलेले राहिले असते; कारण त्या गाडीचे तपासणीचे साधन, दुरुस्तीची पुस्तिका आणि अस्सल सुटे भाग त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. हा केवळ तर्क नाही. २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. तीन कंपन्यांविरुद्धच्या त्या तक्रारीची चौकशी वाढत गेली, आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड केला. निष्कर्ष स्पष्ट होते. कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत. भाग बनवणाऱ्या पुरवठादारांनाही ते खुल्या बाजारात विकू देत नाहीत. आणि गाडी एकदा घेतली की ग्राहक त्या कंपनीच्या दावणीला बांधला जातो. गाडी घेताना त्याला बाजार असतो. दुरुस्त करताना नसतो. आयोगाने भाग आणि साधने खुली करण्याचा आदेश दिला. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करण्याच्या अटीलाही त्याने मनाई केली. कंपन्या अर्थातच अपिलात आणि न्यायालयांत गेल्या, आणि आदेशाचा लाभ सामान्य गॅरेजपर्यंत पोचण्याऐवजी प्रकरण वर्षानुवर्षे कज्ज्यात अडकले. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. मोटारींचाही त्यात समावेश आहे. परंतु संकेतस्थळावर माहिती ठेवणे कंपनीच्या मर्जीवर सोडणे वेगळे आणि ती देण्याची कायद्याने सक्ती करणे वेगळे.

याचा अर्थ छोटे गॅरेज म्हणजे सद्गुणांचा पुतळा, असा मुळीच नाही. नकली भाग तेथेही बसवले जातात, पावती मागितली तर टाळाटाळ तेथेही होते. परंतु तेथे ग्राहकाला उठून शेजारच्या गॅरेजात जाता येते. ही वाट बंद असणे हेच मोठ्या वर्कशॉपचे खरे बळ आहे.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू या. पहिला उपाय कागदाचा. गाडी देताना जॉब कार्डवर लक्षण लिहावे, दुरुस्ती लिहू नये. ‘पंप बदला’ असे लिहिले की निदानाची जबाबदारी ग्राहकाने स्वतःवर घेतली असे होते. ‘चढावर गाडी ओढत नाही, दिवा लागतो’ असे लिहिले की ती वर्कशॉपवर राहते. स्कॅनरने दाखवलेले संकेतांक लेखी मागावेत. कोणती तपासणी केल्यावर हा भाग बदलण्याचे ठरले, हे विचारावे. लेखी संमतीविना ठरल्यापेक्षा जास्त काम करू नये, असे कार्डावरच नोंदवावे. बदललेले जुने भाग परत मागावेत. कॅलिफोर्नियात १९७१ च्या कायद्याने यांपैकी लेखी अंदाज, जादा कामासाठी संमती आणि मागितल्यास जुने भाग परत, या गोष्टी ग्राहकाचे हक्क आहेत. आपल्याकडे आज त्या आग्रहाने मिळवाव्या लागतात.

दुसरा प्रसंग बिल हाती पडल्यावरचा. पैसे दिल्याशिवाय गाडी सोडणार नाही, असे वर्कशॉप म्हणते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० अन्वये, मेहनत व कौशल्य खर्चून वस्तूवर काम करणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क आहे. पण ठरलेल्या कामाच्या रास्त मोबदल्यापुरताच तो आहे. न सांगितलेल्या कामासाठी नव्हे. तथापि हा वाद दारात उभे राहून जिंकता येत नाही, आणि दरम्यान रोजी बुडते. अशा वेळी ‘हरकत राखून रक्कम देत आहे’ असे बिलाच्या प्रतीवर लिहून, पैसे भरून गाडी सोडवावी आणि लढाई नंतर लढावी. दिवा पुन्हा लागला तर दुसरीकडे दुरुस्ती करण्यापूर्वी त्या कारागिराकडून लेखी निदान व छायाचित्र घ्यावे. सेवेत त्रुटी होती हे शाबीत करण्याचा भार मुळात तक्रारदारावर असतो, आणि दुरुस्ती झाली की पुरावा नाहीसा होतो.

मग लेखी नोटीस, आणि दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूच्या वापराला हा कायदा व्यापारी हेतू मानत नाही. ‘टॅक्सी हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही’ या युक्तिवादाने चालकांनी घाबरून जाऊ नये.

परंतु एकट्याने लढणाऱ्या माणसाला हे सारे ठाऊक असूनही पुरत नाही. महाराष्ट्रात १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे राहिले, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली आला. संघटना आधी आणि कायदा नंतर, हा क्रम बोलका आहे. चालकांच्या संघटनांनी आठवड्यातून एक संध्याकाळ बिले वाचण्यासाठी ठेवावी. एकाच वर्कशॉपची वीस बिले शेजारी शेजारी मांडली की, एका बिलात जी चूक वाटते ती रीत आहे की काय, ते कळते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवणारे निदेशक तालुक्यातालुक्यात आहेत. त्यांच्या तपासणीच्या अहवालाला ग्राहक आयोगासमोर वजन यावे, अशी व्यवस्था मागावी. आणि मुख्य मागणी एकच असावी : लेखी निदानानुसार बदललेल्या भागाने तोच बिघाड गेला नाही, तर त्या भागाची आणि मजुरीची रक्कम परत करण्याची जबाबदारी वर्कशॉपवर कायद्याने टाकावी.

ही मागणी क्रांतिकारक नाही. ज्याच्या हाती पुस्तिका, स्कॅनर आणि भाग आहेत, त्याने आपल्या निर्णयाची किंमत स्वतः द्यावी, एवढेच ती म्हणते. तेवढे मान्य झाले, तर भाग बदलण्यापूर्वी नळी तपासण्याची बुद्धी वर्कशॉपला आपोआप होईल; आणि नाक्यावरच्या मिस्त्रीच्या कानाला जे कळते, ते कंपनीच्या संगणकालाही कळू लागेल.